ब्रेकच्या नळीचं फूल

मी एक जुना साचा आहे. साचा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर लगेच चकली येते, हे मला ठाऊक आहे. मित्रांनो, माझा चकलीशी काही संबंध नाही. मी गाडीच्या ब्रेकच्या नळीचं तोंड फुलवतो. दुकानाच्या यादीत माझ्यासारख्याला फ्लेअरिंग टूल म्हणतात. आमच्या गॅरेजात मात्र मला सगळे फुलसाचा म्हणत आले आणि मला तेच नाव आवडतं.

फूल कशासाठी, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. गाडी चालवणारा माणूस पायाने ब्रेकचं पायडल दाबतो. तो जोर चाकांपर्यंत नेण्याचं काम तेल करतं. हे तेल बोरूपेक्षाही बारीक अशा लोखंडी नळीतून गाडीच्या पोटाखालून जातं. नळीचं टोक नुसतं कापून जोडलं, तर तेल तिथूनच बाहेर उडेल. म्हणून टोक आधी आत दुमडायचं, मग बाहेर फुलवायचं. त्याला दुहेरी काठ येतो. नळीत आधीच ओवून ठेवलेला नट त्या काठामागे येऊन बसतो आणि तो आवळला की थेंबभर तेल बाहेर येत नाही. फूल एवढंसं, करंगळीच्या नखाएवढं, पण भरलेली गाडी उतारावर त्याच्या भरवशावर थांबते. मी फुशारकी मारतोय असं वाटलं तर खुशाल वाटू द्या, मी खोटं बोलत नाही.

माझा जन्म हिंगोलीतला. किसनसिंग नावाचे एक लोहार होते, त्यांच्या भट्टीत एका ट्रकच्या स्प्रिंगचा तुटलेला पाटा पडला होता. तो पाटा म्हणजे मी. खाजा मिया तेव्हा तरणेबांड होते. त्यांनी औंढ्याच्या रस्त्यावर, कडुलिंबाच्या झाडाखाली नुकतंच गॅरेज टाकलं होतं. त्यांच्याकडे विकत आणलेला एक साचा होता, पण त्यातून नळी निसटायची. ते वैतागून किसनसिंगांकडे आले. किसनसिंगांनी मला तापवलं, सरळ केलं, उभं चिरून माझे दोन जबडे केले. त्यांत लहानमोठी पाच भोकं पाडली आणि प्रत्येक भोकात बारीक आटे काढले, म्हणजे धरलेली नळी हलू नये. वर एक कमान, कमानीत एक स्क्रू आणि स्क्रूच्या टोकाला गुळगुळीत शंकू. शिवाय नळीचं तोंड आत दुमडायला एक इवलीशी टोपी. मला देताना किसनसिंग म्हणाले, "खाजा, ह्याला कधी हातोडी मारू नको. ह्याचं काम दाबायचं हाय, ठोकायचं न्हाई."

खाजा मियांनी ते आयुष्यभर पाळलं. मला घेऊन त्यांनी काय काय केलं म्हणून सांगू! सेनगावच्या काळ्यापिवळ्या जीपा, हळद घेऊन येणारे टेम्पो, लग्नाच्या वराती नेणाऱ्या मोटारी, सगळ्यांच्या नळ्या माझ्या जबड्यातून गेल्या. "खाजाभाईच्या हातची नळी म्हंजे निवांत झोपा," असं ड्रायव्हर लोक म्हणायचे. ते खाजाभाईंचं नाव घ्यायचे, माझं नाही. पहिली काही वर्षं मला याचा राग यायचा. मग सवय झाली.

आता रहिमाबींची ओळख करून देतो. गॅरेजच्या मागेच घर आणि घराच्या दाराशी रहिमाबींचं शिवणयंत्र. या खाजा मियांच्या बायको. नवीन नळी बसवली की आतली हवा काढावी लागते. एकाने गाडीत बसून पायडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचं निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, सैल करून हवेचे बुडबुडे बाहेर सोडायचे. पायडल दाबायला हाताखालची पोरं कधी टिकली नाहीत. कोणी लवकर पाय उचलायचा, कोणी बोलण्यात गुंतायचा. रहिमाबींना "दाब" म्हटलं की त्या दाबायच्या आणि "छोड" म्हणेपर्यंत पाय हलवायच्या नाहीत. मग ते काम त्यांचंच झालं. शिवण बाजूला ठेवायची, पदर खोचायचा, गाडीत बसायचं, हवा काढायची आणि परत येऊन राहिलेली शिवण पुरी करायची. अशी पस्तीस वर्षं गेली.

आणखी एक काम त्यांचं होतं. मित्रांनो, आमच्या धंद्यात एक चूक अशी आहे की ती प्रत्येकाच्या हातून होते. फूल पाडण्याआधी नळीत नट ओवावा लागतो. एकदा फूल पडलं की नट आत जात नाही. मिस्तरी फुलाच्या नादात नट विसरतो, सुरेख फूल पाडतो आणि मग बघतो तर नट आपला बाकावर पडलेला. तेवढं टोक कापून टाकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. खाजा मियांनी पहिल्याच महिन्यात हे तीनदा केलं. तेव्हापासून माझा स्क्रू फिरायला लागला, की दाराशी बसलेल्या रहिमाबी मान वर न करता विचारायच्या, "नट डाले क्या?" खाजा मिया म्हणायचे, "हौ." काही वेळा मात्र ते स्क्रू उलटा फिरवायचे आणि नट शोधायचे. रहिमाबी कधी हसल्या नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पाठ वळल्यावर हसल्या असतील तर ते माहीत नाही.

पुढे माझे दिवस फिरले. दोन्ही टोकांना फूल पाडलेल्या तयार नळ्या पिशवीत यायला लागल्या. गाडीचं नाव सांगा, पिशवी फोडा, बसवा. थोरला मुलगा शाकीर शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपात कामाला लागला. सुट्टीत आला की म्हणायचा, "अब्बा, हे आता कोण वापरतं? भंगारात द्या." खाजा मियांनी मला भंगारात दिलं नाही, पण वापरलंही नाही. मी आधी खिळ्यांच्या डब्यात गेलो, तिथून खिडकीत आणि शेवटी कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला टेकण म्हणून लागलो. एकेकाळी ज्याच्या भरवशावर गाड्या थांबायच्या, तो आता कोंबड्या थांबवत होता. एकदा एका पांढऱ्या कोंबडीने मला टेकून बसून अंडं घातलं. त्या सगळ्या वर्षांत माझा झालेला मान म्हणजे तेवढाच.

आणि मग यंदाच्या शिवरात्रीच्या बारा दिवस आधी, एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढून एक मोटार आमच्या दारात आली. पांढरी, जुनी ॲम्बेसिडर. पांढरी असं मी म्हणतो खरं, पण त्या दिवशी ती पुढून सगळी पिवळीधमक होती. दिवे पिवळे, काच पिवळी, चाकं पिवळी. हळद लागलेल्या नवरीसारखी ती ट्रॉलीत बसली होती.

ट्रॅक्टरवरून सटवाजी उतरले आणि ट्रॉलीतून त्यांच्या बायको, सुमनबाई. सेनगावकडच्या एका खेड्यातलं हे शेतकरी जोडपं. ही मोटार सटवाजींनी घेतली, पण चालवायच्या सुमनबाई. पंचेचाळिसाव्या वर्षी त्या रिकाम्या खळ्यावर गोल गोल फिरवून गाडी शिकल्या. घरच्या हळदीची पूड करून त्या शिवरात्रीला औंढ्याच्या यात्रेत विकायला बसत. आजवर यात्रेच्या गर्दीत मोटार न घालता त्या जीपमध्ये मांडीवर पोतं घेऊन जायच्या आणि मिळेल त्या कोपऱ्यात बसायच्या. यंदा पहिल्यांदा त्यांना देवळाच्या रस्त्यावर स्वतःची जागा मिळाली होती. चार पोती पूड बांधून तयार होती. आणि नेमका गाडीचा ब्रेक गेला.

झालं होतं असं, की सुमनबाई शेतातून घरी येत होत्या. अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली होती. त्यांनी वळताना ब्रेक दाबला, तर पायडल सरळ खाली गेलं. गाडी हळू होती, डोकं ठिकाणावर होतं. त्यांनी हँडब्रेक ओढला, स्टिअरिंग वळवलं आणि गाडी हळदीच्या ढिगात घातली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण सटवाजी ओट्यावर बसून हे सगळं बघत होते आणि त्यांचा जीव त्या दिवसापासून थाऱ्यावर नव्हता.

"खाजाभाई, गाडी दुरुस्त होती का न्हाई तेवढं सांगा," सटवाजी म्हणाले. "होत नसली तर भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी येऊन नेतो म्हणला. ह्या गाडीत म्या बायकोला आता बसू देत न्हाई."

फळ्या लावून गाडी ट्रॉलीतून खाली उतरवली होती. सुमनबाई तिच्या दाराला धरून उभ्या राहिल्या. तो हात सुटत नव्हता.

खाजा मिया बाजेवरून उठले. उजवा हात गळ्यात, मनगटापासून कोपरापर्यंत प्लॅस्टर. सुटलेल्या बोकडामागे धावताना ते पडले होते आणि बोकड आरामात परत आला होता. त्यांनी डाव्या हाताने बॅटरी धरली आणि गाडीखाली पाहिलं. मग बॅटरी खाली ठेवून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या नळीला नख लावलं, तर गंजाचे पापुद्रे हातात आले. नळी डिकीच्या खाली सडली होती.

"डिकीत काय नेत होते?" त्यांनी विचारलं.

"खत," सटवाजी म्हणाले. "पोटॅश. एक गोणी फुटली होती मागं. धुवून काढली की म्या."

"धुतली तिथंच घात झाला. ते खारं पाणी खाली उतरलं, नळीवर बसलं. दोन पावसाळे त्यानं लोखंड खाल्लं."

सटवाजींचा चेहरा उतरला. गाडीला दोष देत होते, तो त्यांच्याच गोणीपाशी येऊन थांबला. ते म्हणाले, "मंग फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी लावा. मऊ असती, हातानं वळती."

"फ्रिज उतारावरून येत न्हाई, सटवाजीभाऊ," खाजा मिया म्हणाले. "ब्रेकला ब्रेकचीच नळी पाहिजे."

या मोटारीच्या तयार नळ्या हिंगोलीत मिळेनात, नांदेडलाही नाहीत. ती गाडी बनायची बंद होऊन किती वर्षं झाली. कोरी नळी आणून दोन्ही टोकांना फूल पाडणं हाच उपाय होता. आणि फूल पाडणारा हात गळ्यात अडकला होता. खाजा मियांनी तसं सांगितलं. सटवाजींना वाईटही वाटलं आणि सुटल्यासारखंही झालं, हे मला खुराड्याच्या दारातूनसुद्धा दिसलं. ते ट्रॅक्टरकडे वळले.

तेव्हा शिवणयंत्र थांबलं.

रहिमाबी उठल्या, सरळ खुराड्यापाशी आल्या आणि त्यांनी मला उचललं. दार उघडं पडलं. कोंबड्या अंगणभर पांगल्या. रहिमाबींनी तिकडे पाहिलंही नाही.

"मैं करतूं," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"रहिमा, ये पायडल दबाने का काम नै."

"पैंतीस साल से देखरी मैं," रहिमाबी म्हणाल्या. "तुमे बाजू में बैठो. हाथ मेरा, डोकं तुमारा."

घरात ते दोघं दखनीच बोलत, पण अधूनमधून मराठी शब्द असा घुसायचा. खाजा मियांनी आधी बायकोच्या हातांकडे पाहिलं. मग सुमनबाईंकडे वळून त्यांनी सांगितलं, "गाडी राहू द्या. पण मला ते काम पटलं न्हाई तर मी गाडी रस्त्यावर जाऊ देणार न्हाई. शिवरात्र गेली तरी न्हाई."

सुमनबाई म्हणाल्या, "पटेल. भाभी करून राहिल्या ना."

त्यांना एवढा भरवसा कुठून आला, कोण जाणे. मला स्वतःला तेवढा नव्हता. इतक्या वर्षांत माझ्या आट्यांत कोंबड्यांची घाण आणि धूळ बसली होती. रहिमाबींनी मला डिझेलमध्ये बुडवलं, दातांच्या जुन्या ब्रशने एकेक भोक घासलं, कोरडं केलं आणि तेलाचं बोट फिरवलं. मित्रांनो, काय सांगू! मला किसनसिंगांची भट्टी आठवली. त्या दिवशी मी पुन्हा जन्मलो, असं मला खरोखर वाटलं.

पहिले दोन दिवस सरावाचे. गॅरेजात दुसऱ्या जुन्या नळ्यांचे चांगले तुकडे पडले होते, त्यांवर रहिमाबींनी हात बसवला. पहिलं फूल फाटलं. दुसरं एका बाजूला झुकलं. तिसऱ्या वेळी नळी जबड्यातून जास्त वर काढली आणि फूल एवढं मोठं झालं की खाजा मिया म्हणाले, "ये नळी नै, भोंगा है." ते बाजेवर बसून इतक्या सूचना करायचे, की मलाही गोंधळायला होई. टोक आडवं घास, आतून घास, तेल लाव, अर्धा आटा फिरव, थांब, पुन्हा फिरव. शेवटी रहिमाबी म्हणाल्या, "चुप बैठो जी. एक-एक बोलो." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी चार फुलं ओळीने पाडली. खाजा मियांनी ती भिंग लावून पाहिली, नखाने काठ चाचपले आणि एकही शब्द न बोलता चहा मागवला. मी त्या माणसाला ओळखतो. ती शाबासकी होती.

कोरी नळी नांदेडहून एसटीने पार्सल आली. लांबी नेमकीच, फार शिल्लक नव्हती. खाजा मियांचा हात चालत असता तर त्यांनी तार वाकवून माप घेतलं असतं. रहिमाबींनी शिवणाचा दोरा घेतला, जुन्या नळीच्या प्रत्येक वळणावरून फिरवला आणि त्या मापावर दोन बोटं जास्त सोडून नळी कापली.

"दो उंगली कायकू?" खाजा मियांनी विचारलं. "गाडी का झंपर सी रइ क्या?"

"कपडा कम पडा तो जोड दिखता," रहिमाबी म्हणाल्या. "जादा रह्या तो अंदर दब जाता."

त्या दिवशी सुमनबाई आणि सटवाजीही आले होते. सुमनबाई नळीचं दुसरं टोक धरून बसल्या. पहिलं फूल नीट पडलं. नट ओवला होता, खाजा मियांनी तो दोनदा बघितला. मग नळी गाडीच्या पोटाच्या मापाने वळवली. रहिमाबींनी ती रिकाम्या तेलाच्या डब्याभोवती हलकेच दाबत वळवली, कुठे चेपली नाही, कुठे मुरगळली नाही. राहिलं शेवटचं टोक.

ते फूल मी विसरणार नाही. रहिमाबींनी नळी जबड्यात आवळली. त्यांनी टोपी ठेवली, स्क्रू फिरवला, नळीचं तोंड आत वळलं. टोपी काढली, शंकू बसवला, पुन्हा स्क्रू. अर्धा आटा, थांबून पुन्हा अर्धा. खाजा मिया पुढे झुकून बघत होते, सुमनबाई नळीचं दुसरं टोक धरून बघत होत्या, नाही नाही म्हणत सटवाजीही बघत होते. रहिमाबींनी जबडे उघडले. गोल, सारखं, कुठे चीर नाही. माझ्या सबंध आयुष्यात माझ्या हातून इतकं देखणं फूल पडलं नव्हतं. मी फुलून गेलो होतो.

आणि बाकावर, चहाच्या कपाशेजारी, नट पडलेला होता.

रहिमाबींनी नटाकडे पाहिलं, फुलाकडे पाहिलं, पुन्हा नटाकडे पाहिलं. पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्याला विचारलं होतं. आज त्यांना विचारायला दाराशी कोणी नव्हतं. त्यांनी डोक्याला हात लावला. मग खाजा मियांच्या पोटातून असं हसू आलं की बाज करकरली. ते हसता हसता प्लॅस्टरचा हात दुसऱ्या हाताने धरत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. "पैंतीस साल मेरेकू पूछी! आज खुदकू पूछना भूल गइ!" रहिमाबीही हसायला लागल्या. मी त्यांना एवढं मोठ्याने हसताना प्रथमच पाहिलं. सुमनबाईंना आधी कळेना काय झालं. सटवाजींनी समजावून सांगितलं, तशा त्याही हसल्या. पण लगेच त्यांचा चेहरा पडला.

"म्हंजे आता नळी कमी पडंल?" त्यांनी विचारलं.

फूल कापलं. त्यातच नळीचं दीड बोट गेलं. नट ओवला. यावेळी तिघांनी एकदम विचारलं, नट घातला का? रहिमाबींनी तो वर उचलून सगळ्यांना दाखवला आणि फूल पाडलं. मग नळी गाडीखाली धरून पाहिली. ती बरोबर पुरली. दोन बोटं जास्त सोडली होती ना, त्यातलं दीड बोट चुकीने खाल्लं आणि अर्धं शिल्लक राहिलं. खाजा मियांनी झंपराचा विषय पुन्हा काढला नाही.

हवा काढायची वेळ आली तेव्हा रहिमाबी गाडीखाली होत्या आणि पायडलवर सुमनबाई. "दाबा. धरून ठेवा. सोडू नका." बाटलीत बुडबुडे येत राहिले, येत राहिले आणि मग नुसतं स्वच्छ तेल आलं. चारही चाकांची हवा निघाली. पायडल दगडासारखं घट्ट झालं. मग सुमनबाईंनी ते जीव खाऊन दाबून धरलं आणि रहिमाबींनी प्रत्येक जोडावरून कोरडं बोट फिरवलं. त्यांनी सटवाजींनाही गाडीखाली बोलावलं. "तुमी बघा. भीती तुमाला हाय, तर तुमीच बघा." सटवाजी स्वच्छ धोतरानिशी गाडीखाली शिरले. त्यांनी प्रत्येक जोडाला जुन्या वर्तमानपत्राचा कागद लावून बघितला. एकाही कागदावर डाग पडला नाही. खाजा मियांनी मग गाडी आधी अंगणात, नंतर रिकाम्या माळावर, हळू, थोडी जोरात, पुन्हा पुन्हा थांबवायला लावली. चार दिवस रोज जोड तपासले. पाचव्या दिवशी म्हणाले, "पटलं."

सटवाजी म्हणाले, "मला अजून न्हाई पटलं. पण औंढ्याला मी सोबत येतो."

शिवरात्रीला पहाटे गाडी निघाली. सुमनबाई स्टिअरिंगवर, शेजारी सटवाजी, मागे खाजा मिया आणि रहिमाबी. सुमनबाईंनीच त्यांना आग्रह केला होता. रहिमाबींनी ठेवणीतला बुरखा घातला होता आणि मला कापडात गुंडाळून पिशवीत घेतलं होतं. काम नवं आहे, सोबत असलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. डिकीत हळदीची चार पोती. सटवाजींचा एक हात दाराच्या मुठीवर होता आणि ते मधूनमधून डोळे मिटत होते.

औंढ्याच्या अलीकडच्या उतारावर वळण घेतलं आणि समोर सबंध रस्ताभर मेंढरं. शंभर तरी असतील. मेंढपाळ पार पलीकडे. गाडी भरलेली, उतार, आणि मेंढरांना कसली घाई. सटवाजींनी डोळे घट्ट मिटले. सुमनबाईंनी पाय दाबला.

गाडी थांबली. डावीकडे ओढली नाही, उजवीकडे सरकली नाही, सरळ रेषेत थांबली. पुढच्या मेंढराने बंपरचा वास घेतला आणि ते निघून गेलं.

सटवाजींनी एक डोळा उघडला, मग दुसरा.

रहिमाबी खाली उतरल्या. सुमनबाईंनी गाडी कडेला घेऊन हँडब्रेक ओढला, रहिमाबींनी चाकाला दगड लावला. रहिमाबी रस्त्याच्या कडेला, ठेवणीतल्या बुरख्यात, गुडघे टेकून वाकल्या. आत हात घातला आणि जोडावरून बोट फिरवलं. बाहेर येऊन त्यांनी ते बोट सटवाजींपुढे धरलं. बोट कोरडं होतं.

सटवाजी त्या बोटाकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून फोन काढून भंगारवाल्याला लावला आणि तिथंच, मेंढरांच्या गलक्यात, मोठ्याने बोलले. "हां, सटवाजी बोलून राहिलो. उद्या येऊ नका. गाडी इकायची न्हाई." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "काहून म्हंजे? बायको चालवून राहिली."

सुमनबाईंनी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं. त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मी पिशवीत होतो, मला सगळं दिसत नव्हतं, पण एवढं मात्र कळलं की त्या गाडीतलं कुणीही त्या क्षणी माझ्याइतकं खूश नव्हतं.

त्या दिवशी दुपारपर्यंत चारही पोती संपली. पोटॅश आता सटवाजी बैलगाडीतून नेतात. खाजा मियांचा हात बरा झाला आहे आणि तरी जुन्या गाडीची नळी आली की ते मला उचलून रहिमाबींकडे देतात. माझी जागा आता शिवणयंत्राच्या खणात, दोऱ्याच्या रिळांशेजारी आहे. कोंबड्यांनी दुसरं टेकण शोधलं.

मित्रांनो, माझं तुमच्यापाशी थोडंसंच मागणं आहे. घरात गाडी असेल तर वर्षातून एकदा मोठ्या माणसांना तिच्या पोटाखाली वाकून बघायला सांगा. चकचकीत रंग सगळेच बघतात, गंज मात्र खालून लागतो. अवजार वापरून झालं की पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवा. आणि तुमच्या घरात, शेतात, दुकानात कोणीतरी असेल, ज्याने वर्षानुवर्षं कामाशेजारी बसून नुसतं बघितलं आहे. त्यांना सगळं येतं. त्यांच्या हातात एकदा अवजार द्या. पहिलं फूल फाटेल. तेव्हा घाई करू नका, पुढचं फूल बघायला थांबा.